बावीस पाइप आणि कंसातलं एक वाक्य

कोपनहेगनहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“वय 41, सॉफ्टवेअरमध्ये आहे. सहा वर्षांपासून पत्नी आणि नऊ वर्षांच्या मुलीसह डेन्मार्कमध्ये. पत्नी सध्या नोकरी करत नाही. घराचं कर्ज 24 लाख क्रोनर, बँकेत शिल्लक 1,40,000 क्रोनर. महिन्याला साधारण 9,000 मागे पडतात. इथे आल्यावर तंबाखू ओढायच्या जुन्या डॅनिश पाइपांचा नाद लागला. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी ओढतोही. एका निवृत्त गृहस्थांचा 22 पाइपांचा संग्रह 90,000 क्रोनरला मिळतोय: 14 स्टॅनवेल, 4 प्रेबेन होल्म, 2 लार्सन, 1 एस. बांग (हे सगळे डॅनिश पाइप बनवणारे) आणि 1 सिक्स्टेन इवार्सन डिझाइन. आठ वर्षांत दुप्पट होतील असं ते म्हणतात. गुंतवणूक म्हणून घ्यावेत का? भारतातली बाजू भक्कम आहे. मामेभाऊ एजंट आहे, त्याने वीस महिन्यांपूर्वी दोन कोटींचा टर्म प्लॅन आणि एक गॅरंटीड योजना करून दिली. (पाइप म्हणजे सिगरेट नव्हे, म्हणून तंबाखूच्या रकान्यात त्याने ‘नाही’ भरलं. हप्ताही कमी बसला.)”

तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर सोपं आहे: या किमतीला घेऊ नका. पण पत्रातलं खरं संकट शेवटच्या कंसात आहे, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. आधी पाइप उरकतो.

सिक्स्टेन इवार्सन जन्माने स्वीडिश, पण कोपनहेगनमध्ये पाइपदुरुस्तीचं काम करता करता त्यांनी डॅनिश पाइपचा सगळा चेहरामोहरा बदलला. पाइप ज्यातून कोरतात त्या ब्रायर लाकडाच्या गाठीतल्या रेषा जशा जातील तसा आकार काढायचा, ही रीत त्यांची. त्यांच्या हातचा पाइप निघाला तर संग्राहक त्याला काही हजार डॉलर मोजतात. मात्र याच इवार्सननी स्टॅनवेल कारखान्यासाठी कितीतरी आकार आखून दिले, आणि ते आकार यंत्रावर वर्षानुवर्षं निघत राहिले. तुम्ही स्वतःच ‘इवार्सन डिझाइन’ असं लिहिलंय. पाइपवर स्टॅनवेलचा शिक्का असेल, तर तो कारखान्याचा माल आहे. चांगला, सुबक, ओढायला उत्तम, पण कारखान्याचा. विकणारे गृहस्थ खोटं बोलत नसतील, तुम्ही ऐकताना घाई केली असेल. आधी शिक्का भिंगाखाली बघा.

आता ढोबळ हिशेब. जुना स्टॅनवेल सरासरी 500 क्रोनर धरला तर 14 चे 7,000. प्रेबेन होल्म 1989 मध्ये ऐन चाळिशीत गेला, पण त्याआधी त्याच्या कारखान्याने ‘बेन वेड’ या नावाने अमेरिकेत ढिगाने पाइप पाठवले होते. त्यामुळे त्याचा माल दुर्मीळ नाही. 4 चे 6,000. लार्सनचे दोन मिळून 4,000. एस. बांगचा एक, दांडी (तोंडात धरायचा भाग) मूळची असेल तर 8,000. झाले 25,000. म्हणजे उरलेले 65,000 तुम्ही एकट्या त्या ‘डिझाइन’साठी मोजणार आहात. माझे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण 25 चे 90 होणार नाहीत.

शिवाय मी सगळ्या पाइपांची तब्येत ठणठणीत धरली आहे. काळी रबरी दांडी हिरवट-तपकिरी पडली असेल तर ती घासता येते. पण घासणाऱ्याने उत्साहात लाकूडही चकाकवलं आणि शिक्का पुसट झाला, तर भाव उतरतो. तंबाखू भरायच्या वाटीला आतून तडा असेल किंवा दांडी बदललेली असेल, तर आणखी उतरतो. आणि 22 पाइप पहिल्याच भेटीत घासाघीस न करता घ्यायचे असं ठरवून कोणी गेलं, तर विकणारा भाव कशाला कमी करेल?

दुपटीच्या आशेचंही बघू. आठ वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला 9 टक्के. पण पाइप विकायला लिलावघर लागतं आणि ते फुकट राबत नाही. तुमच्याकडून 20 टक्के कापले असं धरलं, तर हातात 1,80,000 पडायला बोली 2,25,000 वर जायला हवी. हे झाले वर्षाला 12 टक्के. बोली लावणाऱ्यालाही वर लिलावघराचं कमिशन भरावं लागतं, म्हणून तो बोलीच कमी लावतो. आणि हे सगळं कोणत्या बाजारात? स्टॅनवेलचा बोरूपचा कारखाना बंद होऊन उत्पादन इटलीत गेलं. धूम्रपान करणारे कमी होताहेत आणि जुने संग्राहक म्हातारे होताहेत. त्यांचे संग्रह विकायला येतील आणि घेणारे घटतील. तुम्हाला हा सौदा चालून आलाय तो याच कारणाने.

एक गंमत सांगतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. डेन्मार्कमध्ये घरगुती वस्तू विकून झालेला नफा सहसा करमुक्त असतो. पण 1922 च्या करकायद्यानुसार वस्तू नफ्याच्या हेतूने घेतलेली असेल, तर तोच नफा करपात्र होतो; क्रिप्टोवाल्यांना तिथल्या करखात्याने याच कलमाखाली धरलं. छंद म्हणून घेतलेला पाइप आणि ‘आठ वर्षांत दुप्पट’ म्हणून घेतलेला पाइप यांना कर वेगवेगळा लागू शकतो. तुमचं पत्र तर ‘गुंतवणूक’ म्हणूनच आलंय.

तेव्हा एस. बांग आणि दोन्ही लार्सन तेवढे सुटे मागा. 12,000 च्या आसपास द्या, तेही दोन महिन्यांच्या बचतीतून. शिलकीला हात नाही. नोकरी गेली तर 1,40,000 क्रोनर तुमच्या घराला फार तर चार-पाच महिने पुरतील, आणि तुमचा तिथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असेल तर तेवढेही हवेत. ते गृहस्थ सुटे विकायला तयार नसतील तर नमस्कार करून बाहेर पडा. डेन्मार्कमध्ये जुने पाइप संपलेले नाहीत.

आता कंसातलं वाक्य.

विमा कंपनी ‘सिगरेट ओढता का’ एवढंच विचारत नाही. प्रस्ताव अर्जात तंबाखू किंवा निकोटिन कोणत्याही स्वरूपात घेता का, असा प्रश्न असतो: विडी, सिगार, पाइप, गुटखा, तपकीर, मिश्री, सगळं त्यात आलं. पाइपचा धूर फुप्फुसात न ओढताही निकोटिन तोंडातून रक्तात जातं. त्याचा अंश तपासणीत काही दिवस सापडतो. मामेभावाला हे माहीत नसेल, तर त्याने विमा विकू नये. माहीत असेल, तर त्याने तुमच्या मुलीच्या पैशांवर स्वतःचं कमिशन कमावलं. आणि सही तुमची आहे. उद्या क्लेमच्या वेळी ‘एजंटने भरलं होतं’ हे उत्तर तुमच्या पत्नीला द्यावं लागेल, तेही पुण्याच्या एखाद्या ऑफिसात, तुम्ही नसताना.

विमा कायद्याचं कलम 45 असं आहे: पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत महत्त्वाची माहिती लपवल्याचं किंवा चुकीची दिल्याचं आढळलं, तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने तिच्यावर बोट ठेवता येत नाही. तुमचे 20 महिने झालेत. ‘मग 16 महिने गप्प बसू का?’ हे तुमच्या मनात आलं असेल, कारण हे कलम सांगितलं की प्रत्येकाच्या मनात तेच येतं. बसू नका. सुरुवातीच्या वर्षांतला क्लेम कंपनी खणून काढते, आणि तुमचा पाइप कपाटात लपवलेला नाही, मित्रांच्या फोटोंत आहे. फसवणूक ठरली तर भरलेले हप्तेही परत मिळत नाहीत. अचानक मरण आलं तर म्हणून दोन कोटींचा विमा काढायचा आणि मग सव्वा वर्ष मरायचं नाही, असा पण करायचा, याला योजना म्हणत नाहीत.

खरं उत्तर दिलं असतं तर काय झालं असतं? हप्ता साधारण दीडपट. म्हणजे 28,000 च्या जागी 42,000 धरा. फरक वर्षाला 14,000 रुपये. क्रोनर 13 रुपयांचा धरला तर 1,100 क्रोनर, प्रेबेन होल्मचा एक पाइपही येत नाही. एवढ्यासाठी दोन कोटी टांगणीला लावलेत.

ते दोन कोटीही अपुरे आहेत. तुमचं कर्ज रुपयांत तीन कोटींच्या वर आहे. विमा कर्जालाच पुरत नाही, मुलगी तर पुढेच. तुमच्या कंपनीच्या पेन्शनमध्ये मृत्यू आणि अपंगत्वाचं संरक्षण बहुधा असेल. डॅनिश नोकऱ्यांत ते सहसा असतं. आकडा काढा. उरलेली तूट तिथेच, क्रोनरमध्ये भरून काढा, कारण कर्ज क्रोनरमध्ये आहे. त्या अर्जात पाइप लिहा.

‘गॅरंटीड’ योजनेबद्दल तुम्ही आकडे जोडलेत: दहा वर्षं तीन-तीन लाख भरायचे, विसाव्या वर्षी साठ लाख. मामेभाऊ याला दुप्पट म्हणतो. प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. पैसा दुप्पट व्हायला वर्षाला किती टक्के लागतात ते ढोबळ काढायला 72 ला त्या वर्षांनी भागा: साडेचार टक्क्यांच्या जरा वर. आणि दहा वर्षांपूर्वी साडेनऊ-दहा रुपयांना मिळणारा क्रोनर आज तेराच्या वर गेलाय, म्हणजे रुपया वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास घसरला. तुमचा खर्च डेन्मार्कमध्ये असेल तर हातात उरतो तो दीडेक टक्का. पाइप निदान दिसायला तरी देखणे आहेत. दोन हप्ते गेलेत. तिसरा भरण्याआधी सरेंडर व्हॅल्यू (आत्ता पॉलिसी मोडली तर हातात येणारी रक्कम) आणि ‘पेड-अप’ केल्यावर (हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवल्यावर) काय मिळेल, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी मागवा, मामेभावाकडून नको. बहुतेक वेळा तिथेच थांबलेलं बरं पडतं.

हे सगळे हप्ते पुण्यातल्या जुन्या बचत खात्यातून जात असतील, आणि ते खातं अजून निवासी म्हणूनच चालू असेल, तर ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घ्या. तुमच्या ठेवींच्या व्याजावर कर कापू नये म्हणून वडील स्वघोषणेचा फॉर्म भरत असतील, तर तो फॉर्म अनिवासींसाठी नाही, थांबवा. त्या खात्याचं व्याज डेन्मार्कमध्येही दाखवावं लागतं, भारताशी करार असल्यामुळे दोन्हीकडे पूर्ण कर पडत नाही.

टर्म प्लॅनचं काम याच आठवड्यात करा. आधी नव्या विम्याचा खरा अर्ज टाका, मगच जुन्या कंपनीला मेल करा. म्हणजे त्यांनी पॉलिसी रद्द केलीच तर नवा विमा निदान वाटेवर असेल. मेलमध्ये ‘क्वचित’, ‘कधीमधी’ असले शब्द नकोत. पाइप, आठवड्यातून दोन-तीनदा, कधीपासून ते साल, आणि राहण्याचा पत्ता कोपनहेगनचा, एवढं लिहा. मेल कंपनीच्या सेवा विभागाला पाठवा, प्रत मामेभावाला, आणि पोच मिळेपर्यंत दर आठवड्याला आठवण करत राहा.