खडक लागला, खर्च कोणाचा?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. पुलाच्या पायात अंदाजपत्रकात धरलेल्या पातळीच्या बराच वर कठीण खडक लागला, त्यातच लोखंड महागले, आणि कंत्राटदाराने दोन्हींचा वाढीव खर्च एकाच पत्रात मागितला, असे तू कळवले आहेस. त्या पत्रावर सरसकट मंजूर किंवा नामंजूर असा शेरा मारू नकोस. दोन्ही मागण्या वेगळ्या कर, कारण त्यांचा भार एकाच पक्षावर पडत नाही.

बाजारभावाची चढउतार मुळात कंत्राटदाराने सोसायची असते. सैन्याला तूप पुरवण्याच्या करारावरून झालेल्या अलोपी प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच सांगितले, की करार महागात पडू लागला एवढ्यावरून कोणी त्यातून सुटत नाही. मात्र निविदेत भाववाढीचे कलम असेल, तर त्यातील सूत्राने निघणारी रक्कम हे त्याचे हक्काचे देणे असते. ते देऊन आपले सरकारी खाते उपकार करत नाही.

खडकाची गोष्ट निराळी. ‘कंत्राटदाराने जागा पाहून खात्री करून घ्यावी’ हे वाक्य निविदांमध्ये हमखास असते आणि आपले लोक त्यावर फार विसंबतात. जमिनीत भोके पाडून खालचा थर तपासण्याच्या विंधन चाचण्या आपण केल्या, नकाशा आपण दिला. निविदा भरण्याच्या थोड्या दिवसांत नदीपात्राखाली काय आहे हे त्याने कसे शोधावे? हा धोका बळेच त्याच्या गळ्यात घातला, तर पुढच्या निविदेत तो दर चढवूनच भरतो आणि खडक न लागताही सरकार त्याचे पैसे मोजते. आपल्या निविदा-कराराच्या बी-१ नमुन्यात यासाठी वाट आहे. निविदेतील परिमाणापेक्षा २५ टक्क्यांपर्यंतची वाढ निविदेच्याच दराने द्यायची, आणि त्यापलीकडच्या वाढीचा दर त्यातील अडतिसाव्या कलमाप्रमाणे ठरवायचा. कठीण खडकाची बाबच निविदेत नसेल, तर जादा बाब म्हणून तिचा दर वरिष्ठांकडून मंजूर करून घ्यावा लागेल.

पण हे सारे मोजमापावर उभे आहे. काँक्रीट पडण्यापूर्वी खडकाची वरची पातळी आणि खोदाईचा तळ कंत्राटदाराच्या प्रतिनिधीसमोर घे, मोजमाप पुस्तिकेत त्याची सही घे आणि उपअभियंत्यांना प्रत्यक्ष खड्ड्यापाशी आण. पाया एकदा भरला, की खडक नेमका किती होता यावर लवादापुढे वर्षानुवर्षे वाद चालतो.

आणखी एक. पोचरस्त्याची जमीन ताब्यात नसल्याने काम रखडले, असे तू ओझरते लिहिले आहेस. विलंब आपल्यामुळे झाला असेल, तर लोखंडाच्या भाववाढीचा हिशेबही फिरतो आणि भार आपल्याकडे येऊ शकतो. पी. एम. पॉल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये विलंबाच्या काळातील भाववाढ देणारा लवादाचा निवाडा ग्राह्य धरला होता. म्हणून मुदतवाढीच्या प्रत्येक प्रस्तावात विलंब कोणामुळे आणि कोणत्या तारखेपासून झाला, हे स्पष्ट लिही. ‘अपरिहार्य कारणास्तव’ एवढ्यावर भागवू नकोस. वाढीव रक्कम मंजुरीच्या मर्यादेबाहेर जाणार असेल, तर सुप्रमाचा (सुधारित प्रशासकीय मान्यतेचा) प्रस्ताव बिल येण्याची वाट न पाहता आत्ताच पाठव.

तुझा,
एक निवृत्त कार्यकारी अभियंता