रणधीरचा ‘रण्या’ आणि पाणिनीचा ‘देविय’

सदाशिव पेठेतील एक मित्रमंडळ दर रविवारी मराठीतून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रांच्या भूमिका वठवण्याचा खेळ खेळते. त्यांच्या खेळात रणधीर हा बुटक्यांच्या कुळातील योद्धा आहे आणि वनमाला ही जादूगारीण. सोबत्यांनी एकमेकांना सलगीने हाक कशी मारावी, आणि सध्याचे ‘रणधीरजी’ चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

चालणार नाही. हिंदी मालिकांच्या कृपेने हा ‘जी’ हल्ली कोणत्याही नावाला डकवला जातो आणि तो ऐकून कान किटले आहेत. ‘तानाजी’तला ‘जी’ नावात मुरलेला आहे, मागाहून चिकटवलेला नाही. वडीलधाऱ्यांशी मराठी माणूस नात्याच्या शब्दाने सलगी करतो. शनिवारवाड्यातही बाळाजी बाजीराव ‘नाना’, सदाशिवराव ‘भाऊ’ आणि रघुनाथराव ‘दादा’ होते. तेव्हा खेळात एखादा वृद्ध मांत्रिक असेल तर त्याला खुशाल ‘आप्पा’ म्हणावे.

बरोबरीच्या सोबत्याला मात्र ‘रण्या’च म्हटले पाहिजे, आणि खरी गंमत येथे आहे. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’ या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या पाचव्या अध्यायात अनुकंपेच्या, म्हणजे मायेच्या, अर्थाने माणसाचे नाव आखूड करण्याची रीत सांगितली आहे: दुसऱ्या स्वरापुढचा भाग गाळावा आणि प्रत्यय लावावा, म्हणजे देवदत्ताचा देविक, देविय किंवा देविल होतो. त्याच रीतीने रणधीरचा ‘रणिय’ होतो आणि माझ्या मते आपला ‘रण्या’ त्याचाच वंशज आहे. गणेश, रमेश, सुरेश यांत दुसरा स्वर ‘ए’ असल्यामुळे ही रीत अडेल असे वाटते. पण दुसरा स्वर संयुक्त असेल तर तोही गाळावा, असे वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेला पूरक नियम, आहे आणि ‘कहोड’चा ‘कहिक’ हे त्याचे उदाहरण आहे. गण्या, रम्या आणि सुऱ्या यांची याहून सुरेख वंशावळ मला तरी ठाऊक नाही.

माझे एक वैयाकरण स्नेही ‘-या’ला निव्वळ तुच्छतादर्शक ठरवून मोकळे होतात आणि वर विचारतात की, पाणिनीचे सूत्र दोनांहून अधिक स्वरांच्या नावांसाठी असताना दोन स्वरांच्या रामाचा ‘राम्या’ कसा झाला? तो गण्याच्या संगतीने झाला. भाषेत एक वाट पडली की बाकीचे त्याच वाटेने जातात. राहिली तुच्छता. ज्यांना आईने कधी ‘गण्या, जेवायला ये’ अशी हाक मारली नसेल, त्यांनाच ती या प्रत्ययात दिसावी.

वनमालेची ‘वनी’ होईल, कारण ‘देविक’मधल्या ‘-इक’चे स्त्रीलिंगी रूप ‘-इका’ आणि तिची मराठीत ‘-ई’ होते, जशी घोटिकेची घोडी झाली. रणधीर तर बुटका आहे, मनुष्य नाही, अशी शंका कोणी काढील. परंतु सूत्रातला शब्द ‘मनुष्यनाम’ असा आहे आणि नाव तर माणसाचेच ठेवलेले आहे.