नाश सांगणाऱ्या यिर्मयाने वेढ्यात शेत का विकत घेतले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायबलमधला संदेष्टा यिर्मया आपल्या पुस्तकात पानोपानी यरुशलेमचा नाश सांगतो, मग ३० ते ३३ या अध्यायांत एकदम पुनर्स्थापनेची, म्हणजे लोक आपल्या देशात परत वसतील अशी, वचने कुठून येतात? ती मागाहून कोणी जोडली का? आणि शिक्षा करणारा देव खरा मानायचा की परत आणणारा?

जोडण्याचे आधी सांगतो. या पुस्तकाचा जुना ग्रीक अनुवाद आपल्याकडच्या हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि अध्यायांचा क्रमही निराळा आहे. ३३व्या अध्यायाचा उत्तरार्ध तर त्यात नाहीच. तेव्हा पुस्तक बराच काळ वाढत गेले हे मानायला मला अडचण वाटत नाही. पण शेतखरेदीचा अध्याय, म्हणजे ३२वा, दोन्हीकडे आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच सापडते.

प्रसंग यहूदाचा राजा सिद्कीया याच्या दहाव्या वर्षाचा, साधारण इ.स.पू. ५८८-५८७. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. ‘नगर पडणार, राजा बाबेलला जाणार’ असे उघड बोलल्यामुळे यिर्मया राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत तू घे, जवळचा नातेवाईक म्हणून ते सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमच्या ईशान्येला, पायी तास-दीड तासावर, म्हणजे वेढा घालून बसलेल्या सैन्याच्या पलीकडे. शिवाय याच गावच्या माणसांनी एकेकाळी यिर्मयाच्या जिवावर टपून कट केला होता. (अध्याय ११ पाहा.) शेत पाहायला जाण्याचीही सोय नाही, आणि तरी तो व्यवहार करतो.

पुढच्या ओळी सावकाश वाचा. १७ शेकेल चांदी, आजच्या मापाने दोनशे ग्रॅमच्या आसपास, तराजूत तोलून दिली जाते. खरेदीखत लिहिले जाते, साक्षीदार सह्या करतात. एक प्रत मोहोर लावून बंद, दुसरी उघडी. चौकात बसलेल्या सगळ्यांसमोर दोन्ही प्रती यिर्मयाचा लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या जातात आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या जातात. त्या काळची कागदपत्रे खरोखरच अशी मातीच्या मोहोरांनी बंद होत. १९८२ साली यरुशलेमच्या दावीदनगराच्या उत्खननात अशा पन्नासएक मोहोरा एकाच जागी मिळाल्या. बाबेलच्या सैन्याने लावलेल्या आगीत दस्तऐवज जळून गेले, पण मोहोरांची माती भाजून पक्की झाली. त्यातल्या एकीवर ‘शाफानाचा पुत्र गमऱ्या’ हे नाव आहे आणि याच नावाचा अधिकारी यिर्मयाच्या ३६व्या अध्यायात भेटतो.

एवढ्या कागदपत्रांचा तपशील कशासाठी? कारण मालकी ठरवणारे कोणी उरणार असेल, वारस परत येणार असतील, तरच खरेदीखताला किंमत असते. या देशात घरे, शेते, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे वचन त्याच जागी येते. आणि ते ऐकूनही यिर्मया निर्धास्त होत नाही. व्यवहार पुरा झाल्यावर तो प्रार्थनेत विचारतो: वेढ्याचे मोर्चे तटाला भिडले आहेत, नगर खास्दी (बाबेलच्या) लोकांच्या हाती जाते आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? आधी आज्ञा पाळली, मग शंका मांडली. त्याच्या विश्वासाचा हा भाग मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

आता शिक्षेकडे या. यिर्मयाचा देव उगाच चिडलेला नाही, आरोप अगदी नेमके आहेत. परके, अनाथ, विधवा यांच्यावर जुलूम. यहोयाकीम राजाचा प्रशस्त महाल, त्यावर राबलेल्यांना मजुरीच नाही (अध्याय २२). आणि ३४वा अध्याय तर वाचवत नाही. वेढा आवळला तेव्हा सिद्कीया आणि श्रीमंतांनी मंदिरात करार करून आपले इब्री, म्हणजे स्वतःच्याच लोकांपैकी असलेले, दास मोकळे केले. मग मिसरचे (इजिप्तचे) सैन्य येते आहे असे कळल्यावर बाबेलवाले काही काळ मागे हटले, आणि यांनी त्याच माणसांना धरून पुन्हा दास केले. तेव्हा परमेश्वर म्हणतो, तुम्ही त्यांना मुक्त केले नाहीत, मग मी तुम्हाला तलवारीला, मरीला आणि दुष्काळाला मोकळे सोडतो.

हे लक्षात घेतले तर शिक्षा आणि पुनर्स्थापना दोन वेगळ्या देवांची कामे वाटत नाहीत. ज्या देवाला दासांची फसवणूक दिसते, त्यालाच ओसाड पडलेले शेतही दिसते. ३२व्या अध्यायाच्या शेवटी तो स्वतःच म्हणतो की जसे हे मोठे अरिष्ट मी आणले, तसेच सगळे चांगलेही मीच आणीन. शिक्षा रद्द झाली असे तिथे कुठेही नाही. नगर जळाले, सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याचे मुलगे मारले गेले, मग त्याचे डोळे काढले. आशा हवी असेल तर त्या सगळ्यातून जावे लागले.

२८व्या अध्यायातला दुसरा संदेष्टा हनन्या मात्र दोन वर्षांत सगळे परत मिळेल असे सांगत होता, लोकांना तेच हवे होते. यिर्मयाने आधीच बाबेलला नेलेल्या बंदिवानांना याच्या उलट पत्र लिहिले (अध्याय २९): बाबेलमध्ये घरे बांधा, बागा लावा, त्या नगराचे भले चिंता, सत्तर वर्षांची गोष्ट आहे. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) २९व्या अध्यायातले आशेचे वचन भिंतीवर लावलेले असते, पण ते दुसऱ्यांच्या मुलखात जन्म काढायला सांगणाऱ्या पत्रातले आहे हे क्वचितच सांगितले जाते. याची मला खरेच खंत वाटते.

यिर्मयाला स्वतःला त्या शेताचा दाणाही मिळाला नाही. नगर पडल्यावर उरलेले लोक त्याला त्याच्या मनाविरुद्ध मिसर देशात घेऊन गेले. पण बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, बाबेलहून परतलेल्यांच्या यादीत, अनाथोथची १२८ माणसे आहेत.

वाचायचे असेल तर २८, ३४, ३७ आणि मग ३२ असा क्रम घ्या. ३७व्यात तो वेढा सैल झाल्यावर बन्यामीन प्रांतात आपल्या वाट्याच्या कामासाठी निघतो आणि वेशीवरच फितूर म्हणून धरला जातो. ते वाचून शेताकडे आलात तर ३०-३१व्या अध्यायांतली वचने तुम्हाला मागाहून चिकटवलेली वाटणार नाहीत.