तुमचे प्रश्न : ऑडिशन, को-ऑर्डिनेटर आणि सेटवरचं पहिलं काम

प्रश्न : मी परभणीहून ऑडिशनच्या सेल्फ टेस्ट, म्हणजे घरीच फोनवर चित्रित केलेले अभिनयाचे व्हिडिओ, पाठवतो. सहा महिन्यांत चाळीसेक पाठवल्या, एकदाही उलट फोन नाही. मुंबईला राहायलाच यावं का?

मुंबईचं भाडं भरण्याआधी शेवटच्या तीन टेस्ट आवाज बंद करून पाहा, मग डोळे मिटून नुसत्या ऐका. निम्मा घोळ तिथेच सापडेल. चेहरा धड दिसत नसेल, तर पुढचा अभिनय पाहायला कास्टिंगवाल्यांना वेळ नसतो.

फोन आडवा ठेवा. उभा मागितला असेल तरच उभा. सेल्फीचा नको, मागचा कॅमेरा वापरा, आणि लेन्स डोळ्यांच्या रेषेत येऊ द्या. टेबलावर टेकवलेला फोन खालून बघतो आणि नाकपुड्याच दाखवतो. तोंड खिडकीकडे असावं. खिडकी पाठीशी आली की चेहरा काळा पडतो, आणि डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांच्या खोबणी होतात. साध्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढे उभे राहा, म्हणजे मागे सावली पडत नाही. फ्रेम छातीपासून वर.

आवाजाचं दुखणं वेगळं. पंखा बंद करा, आणि फोन चार-पाच फुटांपेक्षा लांब नको, नाहीतर खोली घुमते. समोरचे संवाद वाचणारा, म्हणजे क्यू देणारा, फोनच्या जास्त जवळ असतो, त्यामुळे त्याचाच आवाज मोठा येतो. त्याला हळू आणि सपाट वाचायला सांगा. घरातल्या हौशी भावाने तिथे स्वतःचाच अभिनय सुरू केला की टेस्ट वाया गेली. त्याला लेन्सला चिकटून उभा करा, तरच तुमचे दोन्ही डोळे दिसतील. लेन्समध्ये थेट बघायचं ते फक्त इंट्रोत : नाव, वय, उंची, सध्याचं गाव, मोकळ्या तारखा, मग डावी-उजवी बाजू. संवाद पाठच हवेत. वाचणारी बुबुळं लगेच कळतात. तुमची मराठवाडी बोली पुसू नका. भूमिका पुणेरी प्राध्यापकाची असेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

आणि एक क्षुल्लक वाटणारी चूक : ड्राइव्हची लिंक पाठवताना ‘लिंक असलेल्या कुणालाही’ ही परवानगी दिली आहे का? ती नसेल तर समोरच्याला परवानगी मागावी लागते, आणि ती कुणी मागत बसत नाही. चाळीसपैकी काही टेस्ट उघडल्याच गेल्या नसतील.

हे सगळं सुधारूनही फोन आला नाही, तर आधी एक महिना येऊन पाहा. वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये बंगल्या-बंगल्यांतून ऑडिशन चालतात. दारातच ‘नॉट फिट’ ऐकू येईल. त्याचा अर्थ वय किंवा चेहरेपट्टी त्या भूमिकेची नाही, एवढाच. पुढच्या दाराशी जा. कायमचं यायचं तर हातात पाच-सहा महिन्यांचा खर्च हवा, कारण मालिकेचं मानधन बहुधा काम झाल्यावर ९० दिवसांनी मिळतं आणि त्यातूनही टीडीएस कापला जातो. तोवर एक लक्षात घ्या : मराठी मालिका आता फक्त गोरेगाव-ठाण्यात होत नाहीत. सातारा, कोल्हापूर, नाशिककडेही चित्रीकरण होतं आणि एक-दोन दिवसांच्या भूमिकांना तिथलेच कलाकार घेतले जातात. ती कामं आधी मिळवा.

प्रश्न : एक को-ऑर्डिनेटर, म्हणजे कलाकारांना काम मिळवून देणारा मध्यस्थ, ‘आर्टिस्ट कार्ड आणि पोर्टफोलिओ’चे १५,००० रुपये मागतोय. द्यावेत का?

नाही. को-ऑर्डिनेटर तुमच्या मानधनातून कमिशन घेतो, तेही काम झाल्यावर. आधी पैसे मागणाऱ्याचा धंदा काम देण्याचा नसून कार्ड विकण्याचा असतो. कलाकारांच्या संघटनेचं सभासदत्व संघटनेच्या कार्यालयात, पावती घेऊन मिळतं. कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. फोटोही महागडे लागत नाहीत. फिल्टर न लावता, दिवसाच्या उजेडात पाच-सहा पुरेत : चेहरा समोरून, दोन्ही बाजू, पूर्ण उंची, एक पारंपरिक कपड्यांत, एक साध्या. पैसे देऊन बसला असाल तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीची मालिकेसाठी निवड झाली आहे. शाळेचं कसं? काय विचारून घ्यावं? (नाशिक)

पहिला प्रश्न : जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली का? २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार १४ वर्षांखालील मुलांसाठी निर्मात्याला ती घ्यावीच लागते, आणि ती सहा महिनेच चालते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांहून अधिक नाही. अभ्यासाची सोय निर्मात्याने करायची. तिच्या मिळकतीचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्याच नावे मुदत ठेवीत गेला पाहिजे. तो ती सज्ञान झाल्यावरच मिळतो.

घोटाळा होतो तो तासांत. सकाळी नऊला बोलावून मुलीला मेकअप करून बसवतात, आणि तिचा सीन लागतो दुपारी चारला. मग पाच तास मोजायचे कुठून? करारात ‘सेटवर पोहोचल्यापासून’ असं लिहून घ्या. आणि मुलगी ‘नको’ म्हणाली तर नको. तिच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही, हेही त्याच नियमांत आहे.

प्रश्न : पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिग्दर्शन करायचंय. एफटीआयआय या पुण्यातल्या चित्रपट-शिक्षण संस्थेला पदवी लागते, तोवर काय?

कॉलेजच्या पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या टीममध्ये शिरा. ‘अरे आव्वाज कुणाचा’ ओरडायला नव्हे, बॅकस्टेजला. नंतर फिरोदिया करंडक, तीही कॉलेजांचीच स्पर्धा. जानेवारीच्या आसपास पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो. एकाच दिग्दर्शकाचे दोन सिनेमे ओळीने बघायची संधी सोडू नका.

सुट्टीत एखाद्या सेटवर सहायक म्हणून जायला मिळालं, तर बहुधा क्लॅप (शॉटआधी आकडे दाखवून वाजवायची पाटी) आणि कंटिन्युइटी (एका शॉटमधले तपशील दुसऱ्याशी जुळवणं) पदरात पडेल. क्लॅप फ्रेममध्ये, फोकसमध्ये धरायचा. सीन, शॉट, टेक स्पष्ट बोलायचं, एकदाच मारायचा आणि पाय न वाजवता बाजूला व्हायचं. टेकचा आकडा वाढवायला विसरलात की एडिटिंगला शिव्या ठरलेल्या.

कंटिन्युइटी जास्त शिकवते. समजा मास्टरमध्ये, म्हणजे पूर्ण सीन दाखवणाऱ्या लांबच्या शॉटमध्ये, नायिकेने ‘पण’ या शब्दावर उजव्या हाताने कप उचलला. जेवणाच्या सुट्टीनंतर क्लोजअपला कप डाव्या हातात आला, चहा काठोकाठ आणि मंगळसूत्र पदराच्या आत गेलं, तर ते दोन शॉट जुळणार कसे? म्हणून ‘कट’ म्हटल्यावर, कुणी हलायच्या आत, फोटो काढा. कोणत्या शब्दावर कोणता हात, चहा कुठवर, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत, हे वहीत लिहा. फोटोत शब्द दिसत नाही. दिग्दर्शक तोच शॉट तीन बाजूंनी का घेतो, हे त्या वहीतून आपोआप कळायला लागतं.

प्रश्न : निर्मात्याला कथा ऐकवायची आहे, पण चोरीची भीती वाटते. (सांगली)

नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मांडणीला असतो. म्हणून आधी पूर्ण लिहा, मग अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करा. ऐकवून आल्यावर त्याच दिवशी मेल टाका : ‘आज अमुक कथा ऐकवली, सारांश सोबत जोडला आहे.’ पुढे करार झाला आणि त्यात हक्कांची मुदत लिहिलेली नसेल, तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते. क्षेत्र लिहिलेलं नसेल तर भारतापुरतं. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ असे शब्द दिसले, तर मात्र सही करण्याआधी वकिलाला दाखवा.