विचारा तर खरं : बरणीतलं मसाला दूध, चहा आणि हॉट चॉकलेट

कोजागिरी जवळ आली की या सदराकडे एकाच प्रकारचे प्रश्न येतात, यंदाही तेच. विकतचा ड्रायफ्रूटचा बॉक्स द्यायचा सगळ्यांनाच कंटाळा आलाय (तो चार घरं फिरून आपल्याच घरी परत येतो हे आता उघड गुपित आहे), त्यामुळे घरीच काहीतरी करून द्यायचंय आणि ते गरम प्यायचं असलं तर थंडीत उपयोगी पडेल असं बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. त्यातले पाच प्रश्न घेतेय.

ताई, दिवाळीला सोसायटीतल्या आठ-दहा घरांत मसाला दुधाचा मसाला द्यायचाय. मागच्या वर्षी मिक्सरमध्ये त्याचा चक्क लाडू झाला आणि जो उरला तो महिन्याभरात खवट. काय चुकतंय? (एक वाचक, पुणे)

मिक्सर सलग फिरवलात ना? बदामात वजनाच्या जवळपास निम्मं तेलच असतं, काजू-पिस्ते थोडेच मागे, आणि मिक्सरचं भांडं तापलं की ते तेल सुटतं आणि पावडरीचा गोळा होतो. सुकामेवा मंद आचेवर नुसता गरम होईपर्यंत परता, रंग बदलू द्यायचा नाही, फक्त आतला दमटपणा घालवायचाय, मग ताटात पसरून पूर्ण गार करा, घाई असेल तर झाकणाच्या डब्यात घालून अर्धा तास फ्रीजमध्ये. मग थोडी साखर सोबत घालून पल्सवर, दोन-तीन सेकंद फिरवायचं, थांबायचं, चमच्याने हलवायचं, परत फिरवायचं. रवाळ राहिलं तरी चालेल, उलट दुधात दाताखाली आलेलं छान लागतं.

एक वाटी बदाम, अर्धी वाटी काजू, अर्धी वाटी पिस्ते (खारे नकोत), पंधरा-वीस वेलदोडे, अर्धं जायफळ किसून, पाव चमचा हळद, चिमूटभर केशर आणि चार मोठे चमचे साखर. वेलदोडे त्यातल्याच एक चमचा साखरेबरोबर आधी वेगळे बारीक करून घ्या, नाहीतर सालाचे तुकडे दुधावर तरंगतात. केशर कोमट तव्यावर (गॅस बंद करून) मिनिटभर ठेवलं की कुरकुरीत होतं आणि बोटांनी चुरडता येतं. जायफळाचा हात मात्र आवरा, जास्त झालं तर दूध कडवट लागतं.

आणि कृपा करून बदाम भिजवून सोलू नका! रंग पांढराशुभ्र येतो म्हणून खूप जणी करतात, पण आत ओल राहते आणि मसाल्याला बुरशी येते. बदाम सालासकट घ्या. चारोळी आवडत असेल तर तीही घाला, पण ती लवकर खवट होते, म्हणून बरणी दोन आठवड्यांत संपेल अशा घरीच. एरवी हा मसाला बाहेर तीन-चार आठवडे आणि फ्रीजमध्ये दोन-अडीच महिने नीट राहतो, म्हणून दिवाळीचा मसाला कोजागिरीलाच करून ठेवायचा नाही, आणि बरणीवर केल्याची तारीख, त्यात काय काय आहे (कुणाला काजू-बदामाची ॲलर्जी असते) आणि "एक ग्लास दुधाला एक मोठा चमचा, पाच मिनिटं उकळा" एवढं लिहायचंच. चिठ्ठी नसेल तर बरणी मागे ढकलली जाते आणि मार्चमध्ये कचऱ्यात जाते.

गुळाच्या चहाचं प्रीमिक्स करायचंय, मिल्क पावडर, गूळ पावडर, चहा मसाला सगळं एकत्र. जमेल का? (कोल्हापूर)

तुम्ही कोल्हापूरच्या, गुळाचा मोह होणारच, पण एकत्र करू नका. गूळ हवेतली ओल ओढून घेतो, चार दिवसांत बरणीत दगड होतो. शिवाय दूध उकळत असताना गूळ पडला की बऱ्याचदा चहा फाटतो, भेट दिलेल्या माणसाला वाटणार मसाल्यातच खोट आहे. दोन वेगळ्या पुड्या द्या, एक गूळ पावडरीची, एक मसाल्याची, आणि लिहा की गूळ गॅस बंद केल्यावर घालायचा.

मसाल्यासाठी सुंठ 50 ग्रॅम, वेलदोडे 25 ग्रॅम, मिरे 15 ग्रॅम, दालचिनी 10 ग्रॅम, लवंगा 5 ग्रॅम. दोन कप चहाला पाव चमचा पुरतो. सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्या, अख्खी टाकलीत तर मिक्सरचं पातं जातं, आणि नंतर चाळणीने चाळा कारण तिचे धागे राहतात. ओलं आलं किसून वाळवून घालू का असंही बऱ्याच जणी विचारतात, घरच्या उन्हात ते वरवर वाळतं आणि आत ओलं राहतं, त्यापेक्षा विकतची सुंठ बरी. गवती चहा घालायचा तर सावलीत वाळवा, पात बोटात कडकन मोडली पाहिजे.

सासऱ्यांना डायबेटिस आहे. साखरेऐवजी खारीक पावडर घालून मसाला केला तर शुगर-फ्री म्हणून देता येईल ना?

नाही. खारकेत निम्म्याहून जास्त साखरच असते, खडीसाखर आणि गूळ हेही त्याच घरातले. शुगर-फ्री लिहून द्याल आणि ते बिनधास्त दोन ग्लास पितील, हे जास्त वाईट. त्यांच्यासाठी बदाम, पिस्ते, वेलदोडा, सुंठ, हळद आणि किंचित मिरपूड असा बिनसाखरेचा मसाला करा. साखर नसल्यामुळे मिक्सर अजून जपून फिरवावा लागेल. दुधात स्वतःची साखर असतेच, तेव्हा किती प्यायचं ते त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारावं.

नाताळला आमच्याकडे शेजारीपाजारी फराळ वाटतो, यंदा त्यासोबत हॉट चॉकलेटच्या बरण्या द्यायच्यात, त्या थराथरांच्या असतात तशा. (वसई)

थर दिसतात झकास, पण लोक वरवरचा चमचा घेतात आणि पहिल्या कपात नुसती मिल्क पावडर, शेवटच्यात नुसता कोको. थर लावायचेच तर "आधी मोठ्या भांड्यात ओतून कालवा" असं ठळक लिहा. मी तर सरळ चाळून एकत्रच करीन. दोन वाट्या मिल्क पावडर, एक वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी बिनसाखरेचा कोको, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा दालचिनी पूड. कपाला तीन मोठे चमचे, पण आधी थोड्याशा गरम पाण्यात पेस्ट करायची आणि मग बाकीचं पाणी किंवा दूध, नाहीतर कोकोच्या गुठळ्या वर तरंगत राहतात. दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर घालतात, पण ते दोन मिनिटं उकळावं लागतं, नुसतं गरम पाणी ओतणाऱ्या घरी कच्चं लागेल, तिथे घालूच नका.

मार्शमॅलो वेगळ्या पुडीत. आणि शेजारी शाकाहारी असतील तर पाकीट वाचून घ्या, बहुतेक मार्शमॅलोत जिलेटिन असतं.

मुलगा दुबईला असतो, दिवाळीला त्याच्या मित्राबरोबर मसाला दुधाची बरणी पाठवू का? आमच्याकडे त्यात खसखस घालतात. (नाशिक)

खसखस अजिबात नको, दाणाभरही नको! ती अफूच्या झाडाचं बी आहे, यूएईमध्ये तिच्यावर बंदी आहे, सिंगापूरमध्येही. नेणारा मित्र एअरपोर्टवर अडकेल, आणि त्याला बिचाऱ्याला माहीतही नसेल बरणीत काय आहे. खसखशीशिवाय नवीन मसाला करा आणि मिक्सरचं भांडं, चाळणी, बरणी आधी स्वच्छ धुऊन कोरडी करून घ्या, कारण खसखशीचे दाणे झाकणाच्या रबरात अडकून बसतात. बरणीवर सगळे जिन्नस इंग्रजीत लिहा आणि ती यादी मित्रालाही व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, त्याने हो म्हटलं तरच द्या. ऑस्ट्रेलियाला कुणी नेणार असेल तर तिथे उतरल्यावर खायच्या वस्तू फॉर्मवर जाहीर कराव्या लागतात, लपवल्या तर जबर दंड होतो.