श्रद्धेच्या कवितेला आवाज आणि पियानोसाठी चाल देताना पियानोचे काम केवळ साथीचे असते का?

माझ्या मते नाही. कवितेत जे सूचित असते पण शब्दांत आलेले नसते, ते पियानोने सांगायचे असते. योहानेस ब्राम्स या जर्मन संगीतकाराने 1896 मध्ये, मृत्यूच्या एक वर्ष आधी, लूथरच्या जर्मन बायबलमधील वचनांवर खर्जातल्या पुरुषी आवाजासाठी चार गंभीर गीते रचली, त्यांतील तिसरे अवश्य ऐका. 'हे मृत्यू, तू किती कडू आहेस' हे सुखवस्तू माणसाचे उद्गार मायनरमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातील उदास छटेच्या स्वरसप्तकात, पायऱ्या उतरल्यासारख्या खाली येणाऱ्या स्वरांत आहेत. पण तोच मृत्यू थकल्याभागल्या वृद्धाला किती हवासा वाटतो हे सांगताना संगीत मेजर या उजळ छटेच्या सप्तकात जाते आणि उतरणारी ती झेप उलटून वर चढते. एकाच बीजातून भय आणि सांत्वन दोन्ही उगवावीत, ही मला या रचनेतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

स्वतः रचना करताना आधी कविता मोठ्याने अनेकदा म्हणावी. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ फार बोलके असतात. 'दिन' आणि 'दीन' यांत गोंधळ झाला, तर प्रार्थनेचा अर्थच बदलतो. शिवाय पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो, म्हणून गायक एखादे अक्षर लांबवत असताना खालचे स्वर पुन्हा हलकेच छेडत राहावे लागतात. मात्र जेथे कवी थांबतो, तेथे पियानोनेही निःशब्द राहण्याचे धैर्य दाखवावे.