यूकेत नवीन आहात? आधी मतदार यादीत नाव घाला

तुमचा मोबाइल कॉन्ट्रॅक्ट नाकारला गेला म्हणून खचू नका, पगार कमी म्हणून तसं झालं असेलच असं नाही. एक्सपेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या क्रेडिट संस्था (लोकांच्या उधारीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) तुमचं नाव-पत्ता इथल्या इलेक्टोरल रोलशी, म्हणजे मतदार यादीशी, ताडून बघतात; तिथे नाव नसेल तर अर्ज अडू शकतो. आपण भारतीय नागरिक कॉमनवेल्थमधले, त्यामुळे वैध व्हिसावर राहत असाल तर इथे मतदार म्हणून नोंदणी करता येते. पासपोर्ट बदलावा लागत नाही, पैसेही पडत नाहीत. नॅशनल इन्शुरन्स नंबर (इथे कामासाठी आणि करासाठी मिळणारा क्रमांक) हाताशी ठेवा आणि सरकारी वेबसाइटवर फॉर्म भरा, पाच-दहा मिनिटांचं काम.

पत्ता मात्र डोळ्यांत तेल घालून लिहा. माझ्या बँकेत ‘फ्लॅट २, १४’ होतं, यादीत ‘१४बी’. एकच दार, पण जुळेना, आणि कार्डाचा अर्ज परत आला. बँक, मोबाइल, यादी, तिन्हीकडे अक्षरशः एकच पत्ता हवा. घर बदललंत की पुन्हा नोंदणी करायची, हे बहुतेकजण विसरतात.

‘ओपन रजिस्टर’मधून (यादीची कुणालाही विकत घेता येणारी प्रत) नाव खुशाल काढा, जाहिरातींचा त्रास कमी होईल. क्रेडिट संस्था पूर्ण यादी बघतात, त्यामुळे क्रेडिट स्कोअरला (उधारीच्या पतीच्या गुणांना) धक्का लागत नाही. नोंद दिसायला काही आठवडे लागतात, तोवर नवे अर्ज करत सुटू नका.